मुराळी येऊन गेला

"बाई, तुमी हितं कशा?"

आमच्या अंगणवाडीची मदतनीस पाण्याचा हंडा कडेवर घेऊन दारात उभी, आन मला अशी न्याहाळतीय की जणू मी भूत. मी एका पोराला वजनकाट्यात बसवत व्हते. ते पाय झाडत व्हतं.

"हितं न्हाई तर कुठं असणार?" मी म्हणलं.

"तुमचा भाऊ घेऊन गेला न्हवं तुमाला यात्रेला? आत्ताच बघितलं मी फोनवर. तुमी उंबऱ्यात रडत व्हत्या."

मी पोराला खाली उतरवलं. तिनं हंडा ठेवला, पदराला हात पुसला आन फोन माझ्याम्होरं धरला. बघते तर काय, माझाच उंबरा, मीच, डोळ्याला पदर लावून बाहेर पडतीय. फुडं माझी पिशवी खांद्याला लावून माझा भाऊ गोरख. मागं कसलंसं भावाबहिणीचं गाणं. वर लिहिलेलं, 'ताईला आणायला डिंभ्याला. चला यात्रेला.' खाली लोकांची ही रांग. भाऊ असावा तर असा. डोळ्यांत पाणी आलं राव. एकानं इचारलं व्हतं, ताई पोचल्या का? त्याला गोरखचं उत्तर, 'हो, सुखरूप.'

मी डिंभ्यात, अंगणवाडीत, आन माझ्या भावाच्या लेखी मी माहेरी सुखरूप पोचलेली. व्हिडिओ गेल्या सालचा व्हता. त्यात माझ्या अंगावर जी हिरवी साडी दिसत व्हती, तिची मी थंडीतच गोधडी शिवली व्हती.

माझं नाव मंगल. माहेर निमगाव सावा, तिकडं जुन्नर तालुक्यात. सासर हे डिंभं, धरणाच्या काठाला. मधी घोडेगाव, मंचर, नारायणगाव, तीन ठिकाणी गाडी बदलावी लागती. आन आमच्या घरात सून आपल्या पायानं माहेरी जात न्हाई. यात्रा असो, पंचमी असो, भाऊ न्यायला येतो. त्याला मुराळी म्हणत्यात. मुराळ्यानं यायचं, पाय धुवायचे, एक रात राहायचं, बहिणीच्या सासूला इचारायचं, 'न्यायची का?' सासूनं 'न्या' म्हणलं की सकाळी पिशवी उचलायची. पिशवीला बहिणीनं हात लावायचा न्हाई. सासरी बारा महिने वझं वाहणारी बाई त्या एका दिवशी मोकळ्या हातानं चालायची. एवढ्यासाठीसुद्धा मी वरीसभर वाट बघायची.

आई, चिमाबाई, गेली तवापासून निमगावचं घर बंद असतंय. वडील, भगवंत, ते तर लई आधी गेले. शेत वाट्यानं दिलंय. गोरख नोकरीला अवसरी खुर्दला, कॉलेजच्या वर्कशॉपात, बायकोला घेऊन तिकडंच राहतो. यात्रेला आमी दोघा भावंडांनी जाऊन कुलूप काढायचं, झाडलोट करायची, चूल पेटवायची, दोन दिवस राहायचं आन परत कुलूप घालायचं. माझं माहेर म्हंजी एवढंच उरलंय. तेबी गोरखच्या येण्यावर. एक साल कुलूप निघालं न्हाई की दुसऱ्या साली कोण काढतंय? मंग भिंतीला वारूळ लागतंय आन लोक म्हणत्यात, हितं भगवंताचं घर व्हतं. मी बघितलीत अशी घरं.

तू एकटी का जात न्हाईस, असं इचारणारे शहाणे भेटत्यात. किल्ली शेजारीच असती, जाता येतंय की. पण बंद घरात एकटीनं जाऊन बसायचं त्याला माहेर म्हणत न्हाईत.

माझ्या लग्नानंतर पयल्या साली गोरख आला तो हाफ चड्डीत. वडलांनी खाट धरली व्हती, म्हणून आईनं ह्या सातवीतल्या पोराला धाडलं. घोडेगावात डिंभ्याची गाडी आलीच न्हाई. आमची गाडी आजबी तशीच, आली तर आली. हा पठ्ठ्या चालत निघाला. दिवेलागणीला दारात उभा, गुडघ्यापतूर फुफाटा, डोक्यावर पिशवी. आमच्या आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई ठकूबाई, ओट्यावर मिश्री लावत बसल्या व्हत्या. त्यांनी त्याला खालीवर बघितलं आन म्हणल्या, "हा मुराळी हाय का मुराळ्याचं पिल्लू?"

गोरख म्हणला, "घरात दुसरं कोण न्हाई, मीच हाय. आन आईनं सांजोऱ्या दिल्यात, त्यातल्या दोन मी वाटंत खाल्ल्या."

आत्याबाई हसल्या. त्यांना हसताना मी तवा पयल्यांदा बघितलं. नवी सून व्हते, लई धाकात असायची. त्या रातीपासून घरात माझा जीव जरा सैल झाला, तो गोरखच्या दोन सांजोऱ्यांनी.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो आन त्याचं तोंड सुरू झालं. कुणाची म्हैस व्यायली, शर्यतीच्या घाटात कुणाच्या बैलांची बारी भारी झाली, कुणाच्या उसात बिबट्याची पिल्लं निघाली. मास्तरांनी नवी सायकल घेतली आन पयल्याच दिवशी वढ्यात घातली. आई कुणाशी भांडली, मंग त्यांच्याच घरी कालवण कसं घेऊन गेली. मी खिडकीशी, तो कडंला. मधी श्वाससुद्धा घ्यायचा न्हाई. निमगाव येईपतूर मला सगळ्या गावाची खबर झालेली असायची. वेशीत पाय ठेवला की मी नवखी वाटायची न्हाई, जणू कालच पाण्याला गेले आन आज माघारी आले.

तो दर साली यायचा. मिसरूड फुटलं तवा आला, नोकरी लागली तवा आला, लगीन झालं त्या साली नव्या नवरीला घरी ठेवून आला. वरीसभराचं बोलणं साठवून आणायचा. खरं सांगू का, मला यात्रेपरीस ती वाट आवडायची. पालखी, नवसाच्या शेरणीचा गूळ, आखाडा, तमाशाचा तंबू, सगळं ठीक. पण मंचरच्या स्टँडावर उसाचा रस पिता पिता गोरख कुणाची तरी नक्कल करायचा आन मला ठसका लागायचा, ते सुख येगळं व्हतं. आजबी मंचरच्या स्टँडावर उतरले की मला उगीचच हसू येतं. गोरखला हे सांगितलं न्हाई कधी, सांगायला पायजे व्हतं का कुणास ठाऊक. अशा गोष्टी भावाला कोण सांगतंय.

मंग गोरखच्या हातात फोन आला. आता मी नावं ठेवायला मोकळी हाय असं समजू नका. आमचं कामच फोनवर चालतंय. पोरांची हजेरी फोनवर, वजन फोनवर, खिचडी खातानाचा फोटो फोनवर. सकाळी उठले की देवाला हात जोडायच्या आधी मी गोरखनं काय टाकलंय ते बघते. त्यानं मिसळ खाल्ली ते मला म्हाईत, त्याच्या दुचाकीचं टायर फुटलं ते म्हाईत. पण त्याचा आवाज कानावर पडून महिने लोटले व्हते.

गेल्या साली आला तो चारचाकी घेऊन. राहिलाबी न्हाई, म्हणला लगेच निघू. मी आत्याबाईंच्या पाया पडले आन उंबऱ्यातनं बाहेर आले. आई गेल्यापासून त्या टायमाला मला रडू येतंच, तसं आलं. तर हा म्हणतोय, "ताई, थांब. उजेड मागून येतोय, तोंड काळं दिसतंय. परत आत जा आन परत ये."

मी गेले. परत आले.

"ह्या खेपंला रडली न्हाईस गं."

मंग तिसऱ्यांदा आत गेले आन डोळ्याला पदर लावून आले. तीच ही मी, व्हिडिओतली. लोकांच्या डोळ्यांत पाणी आणणारं ते रडं माझं खोटं रडं. खरं व्हतं ते पयल्या खेपंलाच सांडून गेलं. आत्याबाई ओट्यावरनं बघत व्हत्या. त्या एवढंच म्हणल्या, "हिची पाठवणी झाली का तालीम?"

वाटंत फोन म्होरं अडकवलेला. मी बोलत व्हते, तो 'हां, हां' करत व्हता. कळंबच्या पुलावर मी ओरडले म्हणून त्यानं ब्रेक दाबला, न्हाईतर ट्रकच्या खालीच जायची वेळ. पण आला व्हता. कसा का असंना, न्यायला आला व्हता. कुलूप निघालं व्हतं.

आन औंदा हे असं.

पोरं घरी गेल्यावर मी फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. हिरवा ठिपका तर दिसतोय, म्हंजी माणूस जागा हाय. परत लावला. त्यानं जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. मी लिहिलं, 'कवा येतोस?' त्यानं नाचणारा बैल पाठवला. मी लिहिलं, 'अरे मी डिंभ्यातच हाय.' त्याला त्यानं आंगठा दाखवला. मंग घरच्यांच्या गटावर यात्रेचं कार्ड पडलं, कोपऱ्यात हात जोडलेला गोरखच. 'सर्वांनी सहकुटुंब यावे.' सर्वांनी. म्हंजी मी आता सर्वांत.

माझं टाळकं सणकलं. मी माझ्या भावजयीला, उज्ज्वलाला, फोन केला. ती गुणाची हाय, तिनं लगेच उचलला.

"ताई, मी काय सांगू तुमाला," ती म्हणली. "जेवायला बोलवायचं तर मी सैपाकघरातनं मेसेज करते. हाक मारली तर ऐकू जात न्हाई, मेसेज केला की लगेच उठून येत्यात."

"कामावर तरी ठीक हाय का?"

तिनं आवाज बारीक केला. मंग म्हणली, "लेथ मशीन चालू ठेवून फोन बघत व्हते. बोट वाचलं नशिबानं. वरच्या साहेबांनी मशीनवरनं काढून स्टोअरला बसवलंय. आता दिवसभर कपाटांच्या मधी एकटेच. तिथं बोलायला कोण न्हाई, मंग अजूनच वाढलंय. मशीन सुटल्याचं लई मनाला लागलंय त्यांच्या, पण घरात एक शब्द काढला न्हाई. फोनवर मातर रोज सकाळी सगळ्यांना लिहित्यात, आजचा दिवस आनंदाचा जावो."

तो आनंदाचा दिवस मलाबी रोज येत व्हता. मी त्याला रोज फूल पाठवत व्हते. भाऊ कपाटात कोंडलाय आन मी फुलं पाठवतीय. मला माझीच लाज वाटली.

सांजच्याला आत्याबाईंनी इचारलं, "आला का गं मुराळी?"

"फोनवर आला," मी म्हणलं.

"मंग फोनलाच पाय धुवायला पाणी दे. ताट वाढ त्याच्याम्होरं आन इचार, मासवडी अजून वाढू का."

मला हसूबी आलं आन रडूबी आलं. चुलीपाशी बसून मी दोन्ही करून घेतलं. मंग उठले आन त्यांच्याम्होरं जाऊन उभी राहिले.

"आत्याबाई, मी जाते."

"आपल्या पायानं? माहेरी? ह्या घराची रीत न्हाई ती."

"माहेरी न्हाई. अवसरीला. तो मला न्यायला येत न्हाई, तर मी त्याला न्यायला जाते. मीच मुराळी."

आत्याबाई डाव्या तळहातावरची मिश्री बोटानं सारखी करत बसल्या. "बाईमाणूस मुराळी म्या तर न्हाई बघितला," त्या म्हणल्या. मला वाटलं, झालं, संपला विषय. तर उठल्या आन रव्याचा डबा काढायला लागल्या. "मुराळी मोकळ्या हातानं जात न्हाई," म्हणल्या. "पीठ मळ."

सकाळी गाडी आली न्हाई. जीपनं घोडेगाव गाठलं, तितनं एसटीनं मंचर, तितनं रिक्षानं अवसरी. उन्हाचा नुसता जाळ. रानात जिथं तिथं उन्हाळी कांदा काढून ढीग घातलेले, बाया पात कापत बसलेल्या. माझं वाटंत एकच चाललं व्हतं, गेल्या गेल्या त्याच्या कानाखाली जाळ काढायचा. पन्नाशीला आलेल्या भावाला मारता येत न्हाई म्हणून काय झालं, मनात तर मारता येतंय. मंचरपतूर मी त्याला चांगला चोपला.

गोरख पडवीत खाटेवर बसला व्हता, कामावरनं नुकताच आलेला, पायात बूट तसेच. मान खाली, आंगठा चाललाय. मी फाटक उघडलं, ते करकरलं, तरी मान वर न्हाई. केस किती पिकले व्हते त्याचे. फोटोत काळे दिसत्यात. मारायचं सगळं मी इसरून गेले.

"गोरख," मी हाक मारली.

त्यानं बघितलं. आधी माझ्याकडं, मंग फोनकडं, मंग परत माझ्याकडं.

"ताई? तू हितं कशी?"

"मुराळी म्हणून आले. तुला यात्रेला न्यायला."

त्याचं तोंड फुललं, लहानपणी फुलायचं तसं, आन मला वाटलं आता उठंल. तर त्यानं फोन वर धरला. "थांब थांब, तिथंच थांब. बहीण मुराळी, लई भारी. असं कुणीच केलं न्हाई अजून. ताई, जरा फाटकाच्या बाहेर जा आन परत एकदा ये."

मी तितंच पायरीवर बसले. पिशवी मांडीवर घेतली.

"मी एकदाच आले. परत परत यायला मी काय सोंगाडी हाय? मुराळ्याला आधी पाणी देत्यात."

उज्ज्वला आतनं तांब्या घेऊन पळत आली. मी म्हणलं, "तू न्हाई. त्याला देऊ दे."

गोरख उठला. एका हातात फोन, एका हातात तांब्या. पाय धुवायला दोन हात लागत्यात. त्यानं फोन काखेत धरला, तो घसरला. हनुवटीखाली धरला, तर पाणी माझ्या पायाऐवजी त्याच्या बुटांवर. उज्ज्वलानं तोंडाला पदर लावला. शेवटी त्यानं फोन तिच्या हातात दिला आन खाली बसला. माझ्या पायावर पाणी घातलं, हातानं फुफाटा चोळून काढला.

मंग मी इचारलं, "औंदा डिंभ्याला मुराळी आला व्हता का रे?"

"आलो व्हतो की," तो म्हणला. पाणी घालता घालता, सहज. "तू ती हिरवी साडी..."

तांब्या तसाच हातात राहिला. तो माझ्या लुगड्याकडं बघायला लागला, मंग माझ्या तोंडाकडं.

"मी आलो न्हाई न, ताई?"

"न्हाई."

"मला वाटलं मी येऊन गेलो." तो जरासं हसला, मंग त्याचं त्यालाच हसवंना. "आईशपथ ताई, खरंच वाटलं. रोज बघतोय तो व्हिडिओ. लोक म्हणत्यात चांगलं केलंत, मी म्हणतोय धन्यवाद. तुझा मेसेज आला तवाबी मला वाटलं तू थट्टा करतीस. ताईला आणून सोडलं, एक काम झालं, असं डोक्यात पक्कं बसलं व्हतं."

माझा सगळा राग त्या पायरीवरच गळाला. खोटं बोलणाऱ्याला दोन शिव्या घालता येत्यात. हा खरं बोलत व्हता. अशा माणसाचं काय करायचं? मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आन म्हणलं, "ऊठ, सांजोऱ्या आणल्यात." त्यानं खाल्ल्या. जेवताना त्याचा डावा हात ताटाशेजारी उगीच चाचपत व्हता. फोन उज्ज्वलाकडं व्हता, तिनं दिला न्हाई आन त्यानं मागितला न्हाई.

सकाळी मी उज्ज्वलाम्होरं उभी राहिले. रीतीनं इचारलं, "न्यायचा का?"

तिला आधी हसू आलं. मंग तिनं पदर सावरला, सासूसारखा चेहरा केला आन म्हणली, "न्या. पण माघारी आणताना बोलता आणा." एवढं म्हणून ती पटकन आत गेली. ती दुसऱ्या दिवशी मागनं येणार व्हती.

गोरख म्हणला, गाडी काढतो. मी म्हणलं, एसटीनं जायचं. उज्ज्वलानं सकाळी माघारी दिलेला फोन त्यानं आपणहून देवापाशी ठेवला. दोनदा बाहेर आला, दोनदा आत गेला, पण ठेवला. मी त्याची पिशवी उचलली. तो वढायला लागला, लोक बघत्यात म्हणला. मी म्हणलं, बघू दे, मुराळी मी हाय. थांब्यापतूर आमची वढावढ चालली व्हती.

मंचरला नारायणगावची गाडी मिळाली. मी खिडकीशी, तो कडंला. मी वाट बघत राहिले, आता सुरू हुईल. त्याचा हात खिशाकडं जायचा, रिकामा खिसा लागला की मांडीवर यायचा. बऱ्याच येळानं म्हणला, "सोपाननं नवा ट्रॅक्टर घेतला." सोपान आमचा चुलतभाऊ.

"बघितलं मी," मी म्हणलं.

"त्याच्या नातीचं बारसं झालं."

"बघितलं."

"वेशीला नवी कमान..."

"तीबी बघितली."

तो गप बसला. मीबी. दोघांनी सगळं बघितलेलं, सांगायला काय उरलंच न्हवतं. मला भडभडून आलं. वाटलं, पिशवी उचलून भाऊ तर आणला, पण ज्याच्यासाठी आणला ते आता ह्याच्यापाशी न्हाईच. बाहेर कांद्याचे ढीग मागं जात व्हते. मी तोंड खिडकीकडं केलं.

"ताई," तो म्हणला. आवाज एवढासा. "आई गेली तवा मी तिच्याजवळ व्हतो का गं?"

मी वळून बघितलं. थट्टा न्हवती.

"असं काय इचारतोस येड्यावाणी?"

"त्याचा फोटो न्हाई कुठं. दहाव्याचे हायेत, हाराचे हायेत, पावण्यारावळ्यांचे हायेत. त्या सकाळचा एकबी न्हाई, काल सगळं आठवून बघितलं. मला दिसतंय की मी तिचं डोकं मांडीवर घेतलंय. पण डिंभ्याला येऊन तुला घेऊन गेलो हेबी मला असंच दिसत व्हतं." त्यानं माझं मनगट धरलं. "ताई, मी खरंच व्हतो का?"

मी मनातच म्हणलं, ह्या लेकराचं काय काय गेलंय, त्याला तरी कुठं ठाऊक हाय.

"व्हतास," मी म्हणलं. "ऐक. सकाळची येळ व्हती, मागल्या दारानं ऊन आत आलं व्हतं. आईचं डोकं तुझ्या मांडीवर. तू चमच्यानं चहा पाजत व्हतास. तो तिच्या हनुवटीवरनं खाली आला, तू शर्टाच्या बाहीनं पुसलास. मी पायाशी बसले व्हते, तिचे तळवे चोळत. तुझा फोन कुठं व्हता ते कुणालाच ठाऊक न्हवतं, तुलाबी न्हाई."

तो माझ्या तोंडाकडं बघत व्हता.

"तिनं तुला इचारलं, मंगलला आणायला कोण जाणार? तू म्हणलास, आई, ताई हितंच हाय. तर म्हणली, आजचं न्हाई इचारत, फुडचं इचारतीय."

"मी काय म्हणलं?"

"तूच सांग."

त्याचे ओठ हलायला लागले. गाडी कळंबचा पूल चढली, लोक हेंदकाळले, त्यानं म्होरची दांडी धरली न्हाई, माझं मनगटच धरून ठेवलं.

"मी जाईन म्हणलं," तो म्हणला. "मी जाईन म्हणलं व्हतं, ताई."

"व्हय. तेच म्हणलास. मंगच तिनं डोळं मिटलं."

भर गाडीत माझा भाऊ रडला. कंडक्टरनं बघितलं, मंग तो फुडं गेला. मी त्याला रडू दिलं, आन मंग सांगायला लागले. आईनं त्याला दुष्काळात खडी फोडायला जाताना पाठीला बांधून कसा नेला, वडील त्याला पयल्यांदा घाटावर घेऊन गेले तवा बैलाला बघून तो कसा चड्डीत मुतला, आत्याबाईंच्या दारात तो पयल्यांदा उभा राहिला तवा मी आतनं कशी बघत व्हते. कशाकशाचा फोटो न्हाई. सगळं मी बघितलेलं.

नारायणगावला गाडी बदलली, निमगावच्या गाडीत जागा मिळाली न्हाई, उभ्यानं जावं लागलं. तरी तो माझ्याकडं तोंड करून एकच इचारत व्हता, "मंग?"